तळ्यांच्या मुलुखात सायकलवरून

आपल्या समाजात सायकलची आठवण नाही असे घर सापडणे कठीण. कोणाचे वडील सायकलवरून गिरणीत जात, कोणाचे मास्तर शेजारच्या गावाहून सायकलने शाळेत येत. १४ एप्रिलच्या वर्गणीचे पावतीपुस्तक तर हँडलला लावलेल्या पिशवीतूनच वाड्यावस्त्यांवर फिरले. माझ्या आजोबांची सायकल जुनी, दुसऱ्याने वापरलेली होती. ती घेऊन ते गावात शिरत, पण पाटलाच्या वाड्यासमोर त्यांना उतरून सायकल हातात धरून चालावे लागे. वाडा मागे पडला की पुन्हा टांग मारायची. आजोबा ही गोष्ट हसत सांगत. मला लहानपणी वाटे, वाड्यासमोरचा रस्ता खराब असावा.

हे आठवायचे कारण असे की, गेल्या जून महिन्यात मी चार दिवस जर्मनीच्या ईशान्य भागात जंगलातून आणि तळ्यांच्या काठाने सायकल चालवली. माझा भाचा बर्लिनला नोकरीला आहे. विमानाचे तिकीट त्याचे, अर्जित रजा माझी. तो आणि भाचेसून दोघेही दर शनिवार-रविवारी सायकली घेऊन शहराबाहेर पडतात. मी म्हणालो, मला संग्रहालये दाखव. तो म्हणाला, "मामा, संग्रहालये पावसाळी दिवशी. ऊन आहे तोवर जंगल."

निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बर्लिनच्या उत्तर टोकाला फ्रोनाऊ येथील बुद्धविहारात नेले. पाउल डाल्के नावाच्या जर्मन डॉक्टरांनी हे 'बौद्ध गृह' १९२४ मध्ये उभारले. युरोपातील सर्वांत जुन्या बौद्ध केंद्रांपैकी ते एक. आज श्रीलंकेची एक संस्था ते चालवते. पाइनच्या झाडांतून पायऱ्या चढून गेलो, त्रिशरण-पंचशील घेतले आणि मग सायकलीकडे वळलो.

सायकल भाड्याने घेतली. लहानपणी तासावर भाड्याने घ्यायचो, इथे दिवसावर, एवढाच फरक. या प्रकाराला तिकडे ग्रॅव्हल बाइक म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे खडी. शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले हँडल, पण टायर रुंद आणि खरबरीत, डिस्क ब्रेक, चढासाठी हलके गिअर. डांबरी रस्ता संपला तरी ही सायकल थांबत नाही. भाचा कौतुकाने सांगत होता की टायर चाळीस मिलिमीटरचा आहे. मी मनातल्या मनात हिशेब केला. आपल्याकडच्या काळ्या सायकलीचा टायर २८ बाय दीड इंच, म्हणजे जवळजवळ तेवढाच! आपले टपालवाले, दूधवाले आणि कार्यकर्ते कच्च्या रस्त्यावर जे टायर वर्षानुवर्षे फिरवत आले, तेच तिकडे आता हजार-दीड हजार युरोला नवे म्हणून विकले जाते. भाच्याला हे बोललो तर तो म्हणाला, "मामा, पण वजन बघा." वजन खरेच कमी होते. एका हाताने उचलली.

सायकलचा मूळ जन्मही याच देशातला. १८१७ साली मानहाइम येथे कार्ल ड्राइस याने लाकडाचे दोन चाकी यंत्र चालवून दाखवले. त्याला पायडल नव्हते, पायाने जमीन मागे ढकलायची. ड्राइस जन्माने सरदार घराण्यातला. १८४९ च्या लोकशाही क्रांतीच्या वेळी त्याने आपली सरदारकीची पदवी जाहीरपणे टाकून दिली आणि स्वतःला 'नागरिक कार्ल ड्राइस' म्हणवून घेतले. क्रांती चिरडली गेली, त्याचा छळ झाला, आणि १८५१ मध्ये तो गरिबीत मेला. नावामागची पदवी टाकणारा माणूस सायकलचा जनक आहे, हे मला शाळेत कोणी सांगितले नव्हते.

सुरुवातीला सायकल हौशी श्रीमंतांची होती. पुढे ती स्वस्त झाली आणि कामगारांच्या हाती आली. जर्मनीत १८७८ ते १८९० या काळात समाजवादी संघटनांवर बंदी होती. तेव्हा सायकलवाले कामगार गुप्तपणे पत्रके पोहोचवीत. १८९६ मध्ये ऑफेनबाख येथे सायकलस्वार कामगारांची 'सॉलिडॅरिटी' ही संघटना स्थापन झाली. १९२० च्या दशकात तिचे सभासद तीन लाखांच्या घरात होते, आणि सभासदांच्या मालकीचा सायकलचा कारखानाही होता. रविवारी बायकामुलांसह शेकडो सायकली गावाबाहेर पडत. निवडणुकीत याच सायकली प्रचाराला जात. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि या संघटनेवर बंदी घालून तिची मालमत्ता जप्त करण्यात आली. युद्धानंतर ती पुन्हा उभी राहिली, आजही आहे.

बर्लिनहून उत्तरेला जाणारी गाडी सायकलींसाठी वेगळी जागा ठेवते. सायकलीचे वेगळे तिकीट काढायचे आणि ती डब्यात उभी करायची. तासाभरात फ्युर्स्टेनबेर्ग आले. हे लहानसे गाव तीन तळ्यांच्या मध्ये वसले आहे. बर्लिनहून कोपनहेगनला जाणारा लांब सायकलमार्ग या गावातून जातो. सगळीकडे पाणी, त्यावर ढगांची सावली, पलीकडे जंगल. मला वाटले आता गर्द झाडीत शिरायचे. पण गाव ओलांडताच भाचेसुनेने सायकल थांबवली. "मामा, आधी इथे," ती म्हणाली.

ते राफेन्सब्र्युक होते. नाझींनी १९३९ मध्ये स्त्रियांसाठी येथे छळछावणी उघडली. सुमारे १,२०,००० स्त्रिया व मुले येथे डांबली गेली. ज्यू होत्या, कम्युनिस्ट होत्या, पोलंड-रशिया-फ्रान्सच्या होत्या. सिंती आणि रोमा होत्या. ३० एप्रिल १९४५ रोजी रशियन सैन्य आले तेव्हा छावणी मुक्त झाली. आवारात रस्ता दाबायचा एक अजस्र रूळ ठेवला आहे. तो ओढायला बैल नव्हते की इंजिन नव्हते, कैदी स्त्रियांना जुंपत. छावणीचे रस्ते त्यांनी असे तयार केले. सकाळपासून मी खडीच्या वाटेचे कौतुक करीत होतो. त्या रुळासमोर उभे राहिल्यावर तोंडातून शब्द निघेना.

छावणीला लागूनच श्वेड्ट नावाचे तळे आहे. मारलेल्या स्त्रियांची राख या तळ्यात टाकली जाई. काठावर उंच चौथऱ्यावर एक पुतळा आहे: एका स्त्रीने दुसऱ्या निर्जीव स्त्रीला दोन्ही हातांवर पेलले आहे आणि ती पाण्याकडे पाहते आहे. पलीकडच्या काठावर गावच्या चर्चचे शिखर दिसते. म्हणजे गावाला हे सगळे दिसत होते. भाचेसुनेने काठावर फुले ठेवली. रोमा लोकांचे पूर्वज आपल्याच देशातून काही शतकांपूर्वी बाहेर पडले. त्यांच्या भाषेत पाण्याला आजही 'पानी' म्हणतात. त्या बायांनी हे तळे पाहून तोच शब्द उच्चारला असेल.

तेथून पुढे आम्ही बराच वेळ कोणी बोललो नाही. वाट जंगलात शिरली. लाकडाचे ट्रक आणि आगीचे बंब जाण्यासाठी केलेला, बारीक खडी दाबून बसवलेला रस्ता. दोन्ही बाजूंनी सरळसोट पाइन, खाली जांभळासारख्या छोट्या फळांची झुडपे. टायरखाली खडीचा चुरचुर आवाज, बाकी शांतता. ऊन फांद्यांतून तुकड्या-तुकड्यांनी पडते आणि सायकल त्यातून जाताना डोळे मिचकावायला होते.

संध्याकाळी ल्यूखेन गावाजवळ पोहोचलो. याला सात तळ्यांचे गाव म्हणतात. माझ्यासारख्या कारकुनाने या गावाला नमस्कार करावा असे एक कारण आहे. कागद फळ्यावर टोचायची टाचणी, डोके चपटे असते ती, आपल्या गावच्या एका घड्याळजीने शोधली असे इथले लोक सांगतात. त्याने हक्क एका व्यापाऱ्याला विकले. १९०४ मध्ये पेटंट व्यापाऱ्याच्या घराण्याच्या नावे झाले आणि पैसा तिकडे गेला. कष्ट कोणाचे नि नाव कोणाचे, ही गोष्ट सगळीकडे सारखीच म्हणायची.

गावाबाहेर जंगलातच एक तळे लागले. भाच्याने सायकल झाडाला टेकवली, कपडे काढले आणि उडी घेतली. भाचेसूनही पोहण्याच्या कपड्यात उतरली. मी काठावर उभा. तो ओरडला, "मामा, या ना!"

मी विचारले, "हे तळे कोणाचे आहे?"

"कोणाचे म्हणजे?"

"म्हणजे कोणाला विचारायला नको का?"

त्याला प्रश्नच कळला नाही. तो मुंबईत वाढला. माझे बालपण मराठवाड्यातल्या गावात गेले. आमच्या वस्तीतली मुले नदीच्या खालच्या अंगाच्या डोहात पोहायला शिकली. वरच्या डोहाकडे जायचे नाही, हे कोणी मुद्दाम शिकवले नव्हते, ते पायांनाच माहीत होते. पोहता मला चांगले येते. पण त्या दिवशी पाय उचलेना. इकडे-तिकडे पाटी आहे का, रखवालदार आहे का, हे पाहत राहिलो. शेवटी हातपाय धुतले आणि परत बसलो.

रात्री मुक्कामाच्या घरी मी भाच्याला नीट विचारून घेतले, आणि परतल्यावरही वाचले. जर्मनीत जवळजवळ निम्मे जंगल खासगी मालकीचे आहे. तरीही १९७५ च्या वनकायद्याने विश्रांतीसाठी जंगलात पाऊल ठेवण्याची मुभा सर्वांना आहे. सायकल मात्र रस्त्यांवरून व वाटांवरूनच चालवायची, आणि स्वतःच्या जबाबदारीवर. नैऋत्येच्या बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात तर दोन मीटरपेक्षा अरुंद वनवाटेवर सायकलला मनाई आहे आणि त्यावरून सायकलवाल्यांचे व पायी फिरणाऱ्यांचे वाद चालतात. दक्षिणेच्या बव्हेरिया राज्याने डिसेंबर १९४६ मध्ये संविधान स्वीकारले. सृष्टिसौंदर्याचा आनंद घेणे, जंगलात फिरणे, रानफळे घेणे हे प्रत्येकाला मोकळे आहे, आणि डोंगर, तळी व नद्यांकडे जाणाऱ्या वाटा लोकांसाठी खुल्या ठेवणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असे त्यात कलम आहे. हे संविधान घडवण्यात विल्हेल्म होएग्नर या नेत्याचा मोठा वाटा होता. हिटलरच्या काळात त्याला देश सोडून पळावे लागले होते.

वाचकांच्या मनात आले असेल तेच माझ्या मनात आले. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर स्पृश्य मंडळी कोर्टात गेली. त्यांचे म्हणणे काय, तर तळे आमचे आहे, त्यावर अनादी काळापासून आमचाच हक्क आहे. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल आपल्या बाजूने दिला. म्हणजे ओंजळभर पाण्याचा निकाल लागायला दहा वर्षे गेली. पुढे भारतीय संविधानाच्या पंधराव्या कलमात विहिरी, तळी, स्नानाचे घाट आणि रस्ते ही सगळी नावे एका ओळीत आली. तळे आणि रस्ता एकत्र का लिहिले, हे मला त्या रात्री कळले. आजोबांचा वाड्यासमोरचा रस्ता आणि माझा खालचा डोह, दोन्ही त्या एका ओळीत आहेत. बाबासाहेबांना जर्मन भाषा येत होती, १९२० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी बॉन विद्यापीठात शिकण्याची तयारी केली होती. बॉन तिकडे पश्चिमेला ऱ्हाइन नदीवर, आमच्या वाटेपासून फार दूर. असो.

दुसऱ्या दिवशी खरा चढउतार सुरू झाला. हिमयुगात उत्तरेकडून आलेल्या बर्फाच्या थराने दगडमाती पुढे ढकलत आणली. बर्फ वितळला तेव्हा ढिगाऱ्यांच्या टेकड्या झाल्या आणि खळग्यांची तळी झाली. टेकड्या शे-दीडशे मीटरच्या, सह्याद्रीपुढे काहीच नाहीत. पण एक चढ संपला की उतार, लगेच दुसरा चढ, असे दिवसभर चालते तेव्हा मांड्या बोलू लागतात. बर्फाने स्कँडिनेव्हियाहून आणलेले गोटे शेतोशेती निघतात. त्याच गोट्यांची चर्च बांधली, त्याच गोट्यांचे रस्ते केले. गोट्यांच्या रस्त्यावर सायकल चालवताना दातावर दात आपटतात.

त्याहून वाईट वाळू. खडीची वाट एकाएकी पिठासारख्या वाळूत शिरली आणि माझे पुढचे चाक रुतून मी आडवा झालो. कोपर सोलवटले. भाच्याने माझ्या टायरमधली हवा सोडायला सुरुवात केली तेव्हा मी ओरडलो. उभा जन्म टायर टणक भरण्यात गेला! पण त्याचे खरे निघाले. हवा कमी केली की टायर वाळूवर पसरतो, रुतत नाही. "हँडल घट्ट धरू नका मामा, सैल सोडा, नजर लांब ठेवा," भाचेसून पुढून सांगत होती. ती आम्हा दोघांपेक्षा पुढेच असे. तिच्या माहेरी मुलींनी सायकल शिकायला आईने विरोध केला होता, आणि आजीने पाठिंबा दिला होता. असेही असते.

मेक्लेनबुर्गच्या हद्दीतली खेडी एकाच साच्याची वाटली. एका टोकाला जमीनदाराचा मोठा वाडा, त्याच्यापुढे मजुरांच्या बुटक्या घरांची रांग. इथे भूदासपद्धत कायद्याने उठली ती १८२० साली. पण मजूर मोकळा झाला तरी त्याला राहायला जागा देणे-न देणे जमीनदाराच्या मर्जीवर होते. जागा नाही तर लग्नाची परवानगी नाही. हजारो लोक या जाचाला कंटाळून अमेरिकेला गेले. १९४५ च्या शरद ऋतूत रशियन अमलाखाली शंभर हेक्टरवरच्या जमीनदाऱ्या विनामोबदला काढून घेऊन भूमिहीनांना व निर्वासितांना वाटल्या गेल्या. पुढे त्या शेतकऱ्यांना सामुदायिक शेतीत ढकलण्यात आले ते वेगळे. आता काही वाड्यांची हॉटेले झाली आहेत. एकासमोरून जाताना मी उगाचच घंटी वाजवली.

दुपारी कारवित्झ लागले. लेखक हान्स फालाडा येथे १९३३ ते १९४४ राहिला. नोकरी जाण्याच्या धास्तीत जगणाऱ्या एका सामान्य कारकुनावर त्याने १९३२ मध्ये कादंबरी लिहिली आणि ती जगभर गाजली. घर आता संग्रहालय आहे. मी खिडकीतून तळे पाहत बराच वेळ उभा राहिलो. फेल्डबेर्गजवळच्या रुंद लुत्सिन तळ्याची खोली ५८ मीटर आहे. पाणी वरून हिरवे, आत काळे.

तिसऱ्या दिवशी सेरानचे बीचवृक्षांचे जंगल. २०११ पासून ते जागतिक वारसा आहे. पूर्वी हे राजाच्या शिकारीचे रान, म्हणून तोड झाली नाही. पडलेले झाड उचलत नाहीत, ते तिथेच कुजते, त्यावर नवे रोप येते. सायकल फक्त आखलेल्या वाटेवर. तिथे आम्ही उतरून चाललो, कोणी सांगितले म्हणून नव्हे.

चौथ्या दिवशी नॉयस्ट्रेलित्झहून म्युरित्झ तळ्याकडे निघालो. वाटेत श्पेक नावाचे गाव आहे. पूर्व जर्मनी हे कामगारांचे राज्य म्हणवले जाई, पण या भागातले जंगल पंतप्रधान विली श्टोफ यांच्या शिकारीसाठी राखीव होते. सामान्य माणसाला आत मज्जाव. राजा गेला आणि त्याच्या जागी पुढारी आला, कुंपण बाजूलाच असले तरी कुंपणच. १९८९ मध्ये लोक रस्त्यावर उतरले, भिंत पडली, आणि १९९० मध्ये ते राज्य संपण्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी सरकारने येथे राष्ट्रीय उद्यान जाहीर केले. ज्या वाटेवर पहारा होता तिथून आता पोरे सायकलीला मागे गाडी जोडून तान्ही बाळे घेऊन जातात.

सगळेच गोड आहे असे समजू नये. बर्लिनजवळचे वान्डलित्झ तळे सरकारी कंपनीने २००३ मध्ये खासगी गिऱ्हाइकाला विकले, आणि नव्या मालकाने काठावरच्या रहिवाशांकडे त्यांच्या धक्क्यांसाठी पैसे मागितले. लोकांनी सह्या गोळा करून संसदेकडे अर्ज केला तेव्हा २००९ मध्ये अशी विक्री थांबली. आणि आणखी एक. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत परकीयांना विरोध करणाऱ्या पक्षाला या राज्यात सुमारे ३५ टक्के मते मिळाली. एका खेड्यात बसथांब्यावर चार-पाच तरुण बाटल्या घेऊन बसले होते. त्यांनी आमच्याकडे पाहून काहीतरी म्हटले. भाचा म्हणाला, "मामा, पायडल मारा." त्याने भाषांतर केले नाही, मीही विचारले नाही. पुढच्याच गावात एका म्हातारीने बागेच्या नळाने आमच्या बाटल्या भरून दिल्या आणि माझ्या कोपराला पट्टी लावली.

म्युरित्झ हे संपूर्णपणे जर्मनीतच असलेले सर्वांत मोठे तळे, ११७ चौरस किलोमीटर. जुन्या स्लाव लोकांच्या भाषेतल्या 'छोटा समुद्र' या अर्थाच्या शब्दावरून नाव पडले. पलीकडचा काठ पुसट दिसत होता. भाच्याने यावेळी बोलावले नाही. मी सायकल झाडाला टेकवली, शर्ट घडी करून खोगिरावर ठेवला आणि उतरलो. पाणी गार होते. छातीपर्यंत गेल्यावर हात मारायला सुरुवात केली.

परत आल्यावर ताईला मोबाईलवर फोटो दाखवले. आपल्या मुलाचे फोटो ती तीन-तीनदा बघत होती. माझा पाण्यातला फोटो आला तेव्हा थांबली. म्हणाली, "पाणी पिऊन पाहिलंस का?"

मी म्हणालो, "प्यायलो नाही, पोहलो."

"पोहलास म्हणजे थोडं तरी प्यायला असशील," ती म्हणाली आणि पुढचा फोटो सरकवला.